महागड्या रिसॉर्ट गोल्फ कोर्सवर ८ महिने: २७ राउंडनंतरचा अनुभव

पहिला राउंड खेळून आलो त्याच रात्री मी भरभरून कौतुक लिहायला बसलो होतो. ते अर्धवट राहिलं, हे बरंच झालं. कारण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत भरलं होतं ते क्लबहाउस, कार्टमधला अंतर दाखवणारा स्क्रीन, नावाने हाक मारून खेळायला सोडणारा स्टार्टर आणि अठराव्या होलच्या कडेचं पाणी. कोर्स मी पाहिलाच नव्हता. तो दिसायला लागला सातव्या-आठव्या राउंडपासून. सीझन पास घेतला होता म्हणून ही संधी मिळाली: ८ महिन्यांत २७ राउंड, त्यातले १९ चालत. हे लिहितोय ते मुख्यतः वर्षातून एकदाच अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी. साध्या कोर्सवरच्या चार-पाच राउंडचे पैसे ते एका राउंडला मोजतात, आणि त्या पैशांतली खरी चीज बघायची राहून जाते.

माझी पहिली चूक टीची, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेची. एवढे पैसे दिलेत तर कोर्स पूर्ण लांबीचा खेळू, असं आमच्या चौघांचं ठरलं आणि आम्ही सगळ्यांत मागच्या टीवरून सुरुवात केली, ७०५० यार्ड. मला १११ फटके लागले, सात बॉल गेले. स्कोअरकार्डच्या मागे सगळं छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण! मागच्या टीचं कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागतील असे धरलेले स्ट्रोक, म्हणजे फटके) ७३.९ आणि स्लोप (साध्या खेळाडूला ते किती जास्त अवघड जाईल त्याचा आकडा) १३८. मधल्या टीचं ७०.२ आणि १२६, लांबी ६२५०. स्लोप ५५ पासून १५५ पर्यंत असतो आणि ११३ हा सर्वसाधारण धरतात. माझा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) तेव्हा १८.४ होता. गणित केलं तर मागून मला २४ स्ट्रोकची सवलत मिळते आणि मधून १९ ची. कोर्स स्वतःच सांगत होता की इथून तुला पाच स्ट्रोक जास्त लागतील. दुसऱ्या राउंडपासून मी मधल्या टीवर आलो आणि तेव्हा कुठे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आपल्या जागी आले. मागून मारताना जे बंकर मला कधी गाठताच येत नव्हते, ते आता नेमके ड्राइव्हच्या, म्हणजे टीवरच्या लांब फटक्याच्या, टप्प्यात होते. आर्किटेक्टने ते ज्याच्यासाठी ठेवले होते, तो खेळाडू मी आता झालो होतो. लांबून खेळण्यात मोठेपणा नाही, हे मला आता मनापासून पटलंय.

आता ग्रीन्स, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत. माझ्या मते इथले निम्म्याहून जास्त पैसे ग्रीन्समध्ये आहेत, आणि ते वसूल होतात.

ग्रीनचा वेग मोजतात स्टिंपमीटरने. एडवर्ड स्टिंप्सन नावाच्या हौशी खेळाडूने १९३५ साली अमेरिकेतल्या ओकमाँट कोर्सवर यूएस ओपन स्पर्धा बघितली, एक पुट (होलकडे घरंगळवायचा फटका) ग्रीनवरून निसटून थेट बंकरमध्ये गेलेला पाहिला आणि वेग मोजायला एक साधी पट्टी बनवली. खाच असलेली तीन फुटांची पट्टी हळूहळू उचलायची; ठरावीक कोनात आली की बॉल आपोआप सुटतो, आणि सपाट जागेवर तो किती फूट गेला, तोच ग्रीनचा वेग. मी एरवी खेळतो तिथे आठाच्या आसपास असतो. इथे रोज सकाळी प्रॅक्टिस ग्रीनपाशी फळ्यावर आकडा लिहितात, आणि बहुतेक दिवस तो साडेदहा ते अकरा असायचा. ऐकायला अडीच-तीन फुटांचा फरक. पण उतारावरचा वीस फुटांचा पुट मारताना वाटतं की पटर बॉलला नुसता टेकवला तरी पुरे.

पण वेगापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बॉल खरा पळतो. चांगला पुट मारला तर तो जिथे जायला हवा तिथेच जातो. मध्येच उडी नाही, हिसका नाही. चुकला तर चूक माझीच, हे कळतं. हे सुख ज्याने अनुभवलं नाही त्याला शब्दांत सांगणं अवघड आहे.

चौथ्या राउंडला एक वयस्क कॅडी (क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, उचलून सोबत चालणारे आणि सल्ला देणारे) मिळाले. पाचव्या होलवर दुपारचा बारा फुटांचा पुट होता. मी खाली बसून, मागे जाऊन, पुढे येऊन उतार बघत होतो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही होलकडे बघताय. होलच्या काठाकडे बघा." वाकून बघितलं. १०८ मिलिमीटर व्यासाचं होल, एका बाजूची कड चाकूने कापल्यासारखी स्वच्छ आणि समोरच्या बाजूची विरलेल्या कापडाच्या कडेसारखी पिंजलेली, गवताची टोकं तपकिरी. ही बर्म्युडा गवताची ग्रीन्स आहेत. या गवताला कल असतो, त्यालाच ग्रेन म्हणतात. सकाळी कापलेलं होल दुपारपर्यंत एका बाजूने पिंजतं आणि ज्या बाजूला पिंजतं, गवत त्या बाजूला झुकलेलं असतं. उतार डावीकडे होता आणि ग्रेन उजवीकडे. त्यांनी सांगितलं, सरळ मारा. मी मारला आणि गेला. त्यानंतर मी प्रत्येक ग्रीनवर आधी काठ बघतो, मग उभं राहून रंग बघतो: गवत चमकतंय तर ग्रेन आपल्यापासून पुढे जातोय, बॉल पळणार, गडद दिसतंय तर ग्रेन अंगावर येतोय, जोर जास्त लागणार. माझे तीन-पुट (एका ग्रीनवर तीन पुट लागणं) राउंडमागे सहा-सातवरून दोन-तीनवर आले, ते केवळ या एका वाक्यामुळे. पटर तोच आहे.

म्हणून माझा आग्रह आहे: कॅडी मिळत असेल तर घ्या, आणि कार्ट सक्तीची नसेल तर चाला. कार्टमधून उतरून थेट बॉलपाशी जाणाऱ्याला ग्रीनचा उतार कधी दिसत नाही. तो पन्नास-साठ यार्डांवरून चालत येताना दिसतो. अमेरिकेतल्या बँडन ड्यून्सने १९९९ मध्ये सुरू झाल्यापासून चालण्याचाच नियम ठेवलाय, त्यामागचं कारण मला आता पायांनी कळलंय. इथे दुर्दैवाने शनिवार-रविवार कार्ट सक्तीची, आणि पाऊस झाला की कार्ट फक्त पक्क्या वाटेवरच. मग हातात तीन क्लब घेऊन फेअरवे (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) आडवा ओलांडायचा, क्लब चुकीचा निघाला की परत जायचं. त्या दिवसांत चालणाऱ्यापेक्षा कार्टवालाच जास्त थकतो.

चौदावं होल हे माझं सगळ्यांत लाडकं. ३२२ यार्डांचं पार चार (चार फटक्यांत संपवायचं होल), दिसायला अगदी साधं. डावीकडे २१० यार्डांवर एक खोल बंकर, उजवीकडे ऐसपैस फेअरवे. पहिले दहा राउंड मी निमूटपणे उजवीकडे मारला, वेजच्या (जवळून उंच मारायच्या क्लबच्या) अंतरावर आलो, आणि तरीही तिथे बोगी, डबल बोगी (पारपेक्षा एक-दोन फटके जास्त) होत राहिली. वेज चांगली लागूनही बॉल ग्रीनच्या मागे का घरंगळतो, हे कळेना. अकराव्या राउंडला ड्राइव्ह चुकून डावीकडे गेला आणि बंकरला चाटून पुढे थांबला. तिथे उभं राहून बघितलं तर समोर वेगळंच ग्रीन होतं! ते तिरकं बसवलंय. उजवीकडून बघितलं तर अरुंद, पुढ्यात बंकर आणि उतार पलीकडे. डावीकडून बघितलं तर लांबलचक, तोंड उघडं आणि उतार आपल्याकडे. धोक्याच्या जवळून जाईल त्याला पुढची वाट सोपी, हा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरून आलेला जुना विचार. मी तो वाचला होता, पण पायाखाली तेव्हा आला. आता तिथे ड्रायव्हर हा सगळ्यांत लांब मारणारा क्लब ठेवून देतो, त्याहून कमी लांब जाणारा हायब्रिड काढतो आणि बंकरच्या उजव्या कडेवर नेम धरतो. एकाच राउंडसाठी गेलो असतो तर "चौदावं सोपं आहे" असं म्हणून परत आलो असतो.

बंकरमधली वाळू उत्तम, सगळीकडे सारखी. ड्रायव्हिंग रेंजवरचे बॉल झिजलेले आहेत, त्यांच्यावरून अंतराचा अंदाज बांधू नका. चिपिंगसाठीची (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांच्या सरावाची) जागा मात्र फार छान आहे आणि बहुतेक वेळा रिकामी असते.

आता तक्रारी. दोन आहेत, दोन्ही गंभीर.

पहिली वेळेची. सुट्टीच्या दिवशी चौघांच्या गटाला ५ तास २० मिनिटं लागतात. नियमांत एका शॉटला ४० सेकंद सुचवलेत, २०१९ पासून हरवलेला बॉल शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, झेंडा न काढता पुट करता येतो. हे सगळं वेळ वाचावा म्हणूनच. पण इथे आठ-आठ मिनिटांनी गट सोडतात. तिसरं होल पाण्यावरून मारायचं पार तीन आहे. चौघांना ते संपवायला दहा-अकरा मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येक गटामागे दोन-तीन मिनिटं साचत जातात आणि दुपारपर्यंत टीवर दोन-दोन गट खोळंबलेले. मार्शल (खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणारा कर्मचारी) येऊन खेळणाऱ्यांना घाई करतो. खेळणाऱ्यांचा त्यात दोष नसतो, गणितच चुकलेलं आहे. दहा-बारा मिनिटांचं अंतर ठेवलं तर गट कमी सुटतील, उत्पन्न कमी होईल. पण एवढे पैसे घेतल्यावर ती जबाबदारी रिसॉर्टचीच.

दुसरी तक्रार जास्त लागलीय. पाचव्या महिन्यात माझा एक जुना मित्र लांबून खास या कोर्ससाठी आला. पहिल्या ग्रीनवर पोचलो तर सगळीकडे बोटाएवढी भोकं आणि त्यांवर वाळू. तीन-चार दिवसांपूर्वीच एअरेशन झालं होतं. हे काम आवश्यक आहे, त्याबद्दल वाद नाही. पायांनी आणि यंत्रांनी माती दबते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, म्हणून पोकळ दांड्यांनी मातीच्या कांड्या उपसून काढतात आणि भोकांत वाळू भरतात. ते केलं नाही तर तो साडेदहा-अकराचा वेगही राहणार नाही. पण ग्रीन पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे जातात, आणि या कामाच्या तारखा कितीतरी आधी ठरलेल्या असतात. बुकिंग करताना कुणी एक शब्द काढला नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले. मित्राचा प्रत्येक पुट टप्पे खात गेला. काउंटरवर विचारलं तर अटींमधलं वाक्य दाखवलं की कोर्सची स्थिती बदलू शकते. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर माझ्या पासवर एक राउंड जमा केला, मित्राला काही मिळालं नाही. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

तेव्हा कोणत्याही महागड्या कोर्सचं बुकिंग करण्याआधी फोन करून हे एवढं विचाराच: ग्रीन्सचं एअरेशन शेवटचं कधी झालं, पुढचं कधी आहे? गटांमध्ये किती मिनिटांचं अंतर ठेवता? चालायला परवानगी आहे का? फोनवरचा माणूस उत्तर द्यायला चाचरला तर दुसरी तारीख बघा. आणि जमलं तर एका दिवसाऐवजी सलग दोन दिवस खेळा, भले मग वर्षाआड जायला लागलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशीचा राउंड पहिल्याच्या दुप्पट मोलाचा असतो.

गेल्या आठवड्यात सकाळच्या पहिल्या वेळेला एकटाच निघालो होतो. दुसऱ्या ग्रीनवर दव होतं आणि एक कर्मचारी गुडघ्यावर बसून नवं होल कापत होता. कटर गोल फिरवत खाली दाबला, मातीचा अखंड ठोकळा वर काढला, जुन्या होलमध्ये बसवला, बाजूंनी बोटांनी गवत आत ओढलं, थोडं पाणी घातलं आणि तळहाताने दाबून बघितलं. मग डोकं जमिनीला टेकेल इतकं वाकून तो जोड वर आलाय का ते आडव्या नजरेने पाहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं. मी थांबलो होतो, त्याने हात करून खेळायला सांगितलं. माझा पुट नेमका त्या बुजवलेल्या जागेवरून गेला आणि बॉलला ती जागा कळलीही नाही.

माझा इंडेक्स आता १५.९ आहे. पासचं नूतनीकरण केलंय, फक्त आठवड्यातल्या कामाच्या दिवसांच्या सकाळचा. एअरेशनच्या तारखा या वेळी आधी लेखी मागून घेतल्यात, आणि त्या मित्राला त्या टाळून बोलावलंय, दोन दिवसांसाठी.