साधं फॉलिक की 'मिथाइल'वालं? फोंड्याच्या फार्मसीतला हिशेब

"मावशी, यातली कुठली घेऊ?" भाचीने काउंटरवर दोन पट्ट्या ठेवल्या. एक साध्या फॉलिक ॲसिडची, पावभाजीच्या प्लेटीपेक्षा स्वस्त. दुसरी चकचकीत, वर 'एल-मिथाइलफोलेट' लिहिलेली, किंमत कितीतरी पट. लग्नाला वर्ष होत आलंय, आता बाळाचा विचार चाललाय. साधं फॉलिक अंगाला लागतच नाही, असं तिनं मोबाइलवर वाचलं होतं.

मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासा गट. शरीर तो या रेणूवरून त्या रेणूवर ठेवत असतं. डीएनएवरच्या खुणा, रक्तातल्या होमोसिस्टीन या अमिनो ॲसिडचं मेथिओनिन हे दुसरं अमिनो ॲसिड करणं, सगळं याच देवाणघेवाणीवर चालतं. फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप), कोलीन, बीटेन ही अन्नातली द्रव्यं हे गट पुरवतात. फोलेटचा गट बी-१२ हे जीवनसत्त्व मधे उभं राहून पोचवतं.

आता दोन पट्ट्यांचं. फॉलिक ॲसिड शरीरात गेल्यावर काही पायऱ्या चढून मिथाइलफोलेट होतं. शेवटची पायरी एमटीएचएफआर नावाच्या एन्झाइमची. काहींच्या जनुकात हे एन्झाइम मंद असतं, म्हणून "तुम्हाला तयार मालच लागणार" असा प्रचार चालतो. पण तशा लोकांच्या रक्तातलं फोलेटही साध्या गोळीने वाढतं. शिवाय बाळाचा मेंदू आणि कणा जिच्यापासून घडतो ती नळी गर्भधारणेच्या पहिल्या २८ दिवसांतच मिटते, आणि ती नीट मिटावी म्हणून उपयोग सिद्ध झालाय तो साध्या फॉलिकचा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या बाळात ही नळी न मिटल्याचा दोष असलेल्या बायकांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मिथाइलफोलेटच्या मागे अशी चाचणी नाही. याच कुळाची गोष्ट आपल्या शेजारच्या मुंबईतून सुरू झाली, हेही भाचीला सांगितलं: १९२८ साली ल्युसी विल्स तिथे आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया त्यांनी यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला. त्या अर्कात होतं ते फोलेट.

मात्रेकडे मात्र लक्ष हवं. दिवस राहण्याआधी बहुतेकींना ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. सरकारी लोहाच्या गोळीत ५०० असतात. फार्मसीत सर्रास हातात येते ती ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापटीहून जास्त. ती आधीच्या बाळात दोष असलेल्यांना, फिट्सची औषधं चालू असणाऱ्यांना, अशांना डॉक्टर मुद्दाम देतात. "जास्त घेतलं तर काय बिघडतं?" याचं उत्तर आमच्या आईच्या पायात आहे.

आई मधुमेहाची, मेटफॉर्मिनच्या गोळीवर कितीतरी वर्षं (या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं), आणि घर शुद्ध शाकाहारी. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून एका दवाखान्यात तिला नुसतं फॉलिक चालू झालं. वर्षभरात आकडा सुधारला, आम्ही खूश. मग एकदा मंगेशीला जाताना तिची एक चप्पल रस्त्यातच सुटली, आणि दहा-बारा पावलं ती अनवाणी तापलेल्या रस्त्यावर चालली तरी तिला कळलं नाही. मागून मीच ओरडले. बी-१२ तपासलं तर तळाला गेलेलं. फॉलिकने रक्त सावरतं, पण नसा आतून झिजतच राहतात, आणि रिपोर्ट चांगला दिसतोय म्हणून कुणी शोधायला जात नाही. मिथाइलफोलेट घेऊनही सुटका नाही: बी-१२ नसेल तर ते शरीरात अडकूनच पडतं. म्हणून गोळी कुठलीही निवडा, आधी बी-१२ बघा.

त्या बी-१२मध्येही हीच दुकानदारी. सायनो स्वस्त आणि टिकाऊ, मिथाइल महाग आणि उजेडाने लवकर खराब होणारं. पेशीत शिरल्यावर दोघांचंही शेपूट कापलं जातं आणि शरीर आपल्याला हवं ते रूप स्वतः बनवतं. तेव्हा नावासाठी ज्यादा पैसे मी तरी मोजणार नाही. मूत्रपिंडं अधू असतील तर मात्र मोठ्या डोसची कुठलीही बी-गोळी विचारल्याशिवाय नको. २०१० साली कॅनडातल्या चाचणीत मधुमेहाने मूत्रपिंडं बिघडलेल्यांची तब्येत अशा मोठ्या डोसने आणखी खालावली होती.

बीटेन आणि कोलीनच्या डब्या त्याच फळीवर होत्या. बीटेन होमोसिस्टीन उतरवतं, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं चढवतं. कोलीन एका अंड्यात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. सॅम-ई ही मिथाइल गट देणारी आणखी एक गोळी, ती तर डिप्रेशनचं औषध चालू असेल तर डॉक्टरांशिवाय शिवूच नये. बायपोलर असणाऱ्याला तिने उन्माद चढू शकतो. आणि "हृदयासाठी" हे लेबल वाचून भुलू नका. २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांत या जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, हार्ट अटॅक मात्र कमी झाले नाहीत. पक्षाघाताची गोष्ट जरा वेगळी. चीनमध्ये २०१५ साली रक्तदाबाच्या गोळीबरोबर फॉलिक दिल्यावर पहिला झटका येण्याचं प्रमाण घटलं, पण तिथल्या लोकांच्या जेवणात मुळात फोलेट कमी होतं.

बांगड्याचं हुमण आणि तिसऱ्या खाणाऱ्या घरांना बी-१२ची चिंता सहसा नसते, श्रावणातही नाही, कारण यकृतात साठा असतो. आमच्यासारख्या भटांच्या घरात तांबडी भाजी रोज असली तरी तिच्यात फोलेट आहे, बी-१२ नाही.

भाचीने चकचकीत पट्टी परत केली. साधं फॉलिक घेण्याआधी मात्र ती समोरच्या लॅबमध्ये बी-१२साठी रक्त देऊन आली. आई आता इंजेक्शनं घेते. मुंग्या कमी झाल्यात, डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे.