दोन मिलिमीटरचं भिंग: घासून की दाबून?

एंडोस्कोपच्या, म्हणजे शरीराच्या आत पाहायच्या बारीक नळीच्या, टोकाला बसणारं दोन मिलिमीटरचं भिंग चिमट्यात धरलं तरी निसटतं. ते घासून, पॉलिश करून बनवायचं तर प्रत्येक नग नीट बसवा, घासा, मोजा. दहा-वीस नमुन्यांसाठी हाच मार्ग बरा. महागडा साचा लागत नाही, काचही हवी ती घेता येते.

हजारो नग हवे असतील तर माझा कौल काच तापवून साच्यात दाबण्याला. जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर आयपीटी संस्थेत यावर बरंच काम झालं आहे. टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचा साचा, भोवती नायट्रोजन किंवा निर्वात, आणि अनेक काचांसाठी ५००-६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान. खरी मेख थंड होताना आहे. काच आकसते, अपवर्तनांकही (काच प्रकाश किती वळवते ते सांगणारा आकडा) किंचित बदलतो. म्हणून साचाच मुद्दाम थोडा वेगळ्या आकाराचा कापावा लागतो. तो किती वेगळा? इथे दाबणारी आणि मोजणारी यंत्रं नोंदींसाठी एकमेकांना जोडलेली असणं कामी येतं. दाबताना नोंदलेलं तापमान, दाब आणि मोजणीत सापडलेली चूक एकाच नगाच्या नावावर जमा झाली, की साच्याची दुरुस्ती अंदाजानं करावी लागत नाही. घासकामातही अशी जोडणी उपयोगी आहेच, पण तिथली चूक बहुधा त्या नगापुरती. साच्यातली चूक प्रत्येक भिंगात उतरते.