फॉरमॅट न करता परत मिळालेला ‘सुडो’

गिरगावातील आमच्या छोट्या अक्षरजुळणी कार्यालयाचा मुख्य संगणक उबुंटू या कार्यप्रणालीच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर नेल्यानंतर सारे सुरळीत भासत होते. परंतु दुसऱ्या दिवशी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकण्यासाठी ‘सुडो’ ही प्रशासकाच्या अधिकाराने काम करवणारी आज्ञा दिली, तेव्हा पासवर्ड अचूक असूनही आमच्या खात्याचे नाव सुडोअर्स फाइलमध्ये (हा अधिकार कोणाला आहे ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) नसल्याचा संदेश आला. एका दुकानदाराने संगणक न पाहताच फोनवर ‘फॉरमॅट’ सुचवले. ते मानवले नाही, म्हणून सीपीयू टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडवरील एका दुरुस्ती केंद्रात नेला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असले तरी टॅक्सीवाल्याला जुनेच नाव सांगावे लागते.)

तेथील तंत्रज्ञांनी यंत्राला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला : “अपग्रेड चालू असताना फाइल बदलायची की जुनीच ठेवायची, असं विचारलं होतं, तेव्हा तुम्ही काय दाबलंत?” मी ‘बदला’ दाबले होते, आणि दोष नेमका तेथेच होता. मूळ जुळणी करणाऱ्याने आमचे खाते ‘सुडो’ गटात (ज्याच्या सदस्यांना हा अधिकार आपोआप मिळतो) न घालता सुडोअर्स फाइलमध्येच एक ओळ लिहून त्याला अधिकार दिले होते, आणि नव्या फाइलबरोबर ती ओळ गेली. जुनी प्रत ‘डीपीकेजी-ओल्ड’ असे शेपूट लागून त्याच फोल्डरमध्ये शाबूत होती. ती उघडून त्यांनी मला ती ओळ दाखवली.

दुरुस्ती माझ्यासमोरच झाली. संगणक सुरू होतानाच्या ग्रब मेन्यूतून रिकव्हरी मोड, तेथून रूट शेल (‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याने आज्ञा देण्याची जागा), केवळ वाचनासाठी जोडलेली डिस्क लेखनासाठी पुन्हा माउंट करणे आणि ‘ॲडयूजर’ने खाते सुडो गटात घालणे, एवढेच काम होते. जुनी ओळ परत का चिकटवली नाही, असे विचारल्यावर, गटातील सदस्यत्व पुढच्या अपग्रेडमध्ये फाइल बदलली तरी टिकते आणि सुडोअर्समध्ये हात घालायचाच असेल तर साध्या संपादकाऐवजी ‘व्हिसुडो’ वापरावे, कारण ते जतन करण्यापूर्वी लेखनातील चूक पकडते, असे त्यांनी समजावले. रिकव्हरी मोडच्या याच मार्गाने संगणकापाशी बसलेला कोणीही पासवर्डशिवाय रूट होऊ शकतो, हेही त्यांनी न विचारता सांगितले. आमच्या डिस्कला एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवण्याची सोय) नाही, त्यामुळे ते ऐकून मी थोडा हबकलोच.

काम चाळीस मिनिटांत आटोपले आणि ५०० रुपये घेतले. पावतीवर मात्र केवळ ‘सॉफ्टवेअर’ एवढेच लिहिले होते. दिलेल्या आज्ञा मला माझ्या वहीत उतरवून घ्याव्या लागल्या. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, तेव्हा जड सीपीयू नेणाऱ्याने सोबतीला कोणीतरी घ्यावे. उरलेल्या तीन संगणकांची खाती कोणत्या गटात आहेत, हे मी त्याच संध्याकाळी ‘ग्रुप्स’ आज्ञेने तपासले. त्यांतील एकाची अवस्था हीच निघाली.