सेकंडहँड एचडी ६००: काही महिन्यांच्या वापरानंतर

चांगल्या दर्जाच्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर, म्हणजे आवाज तयार करणारा भाग, सहसा सगळ्यात शेवटी जातो. त्याआधी कानांभोवतीचे गादीसारखे पॅड दबून बसतात, हेडबँडचा स्पंज दबतो, केबल कनेक्टरपाशी सैल होते, आतल्या फोमचा भुगा होतो. तरीही जुना हेडफोन घ्यायला गेलेला माणूस पहिलं विचारतो, "साउंड कसाय?" आणि विकणारा म्हणतो, "एकदम मस्त." त्यातून कुणालाच काही कळत नाही. सेनहायझर या जर्मन कंपनीचा जुना एचडी ६०० हेडफोन घेऊन मला आता बरेच महिने झाले. उन्हाळा गेला, पुण्याचा पावसाळा गेला, आणि जवळजवळ रोज रात्री तो कानांवर असतो. घेताना जे तपासलं त्यातलं काय उपयोगी पडलं, हे सांगण्याइतका वापर आता झालाय.

हेच मॉडेल निवडलं ते त्याच्या बांधणीमुळे. एचडी ६०० बाजारात आला १९९७ साली. त्याच्या आधीचा एचडी ५८० आणि २००३ साली आलेला एचडी ६५० हे दोघं इतके जवळचे भाऊ आहेत की पॅड एकमेकांना बसतात, केबल एकमेकांना लागते. जाळ्या, पॅड, ड्रायव्हरची कॅप्सूल, सगळं स्क्रू न खोलता हाताने निघतं आणि परत बसतं. २०२२ साली सेनहायझरचा हेडफोनचा धंदा स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा कंपनीकडे गेला, पण हे मॉडेल चालू राहिलं आणि सुटे भागही मिळत राहिले. सेकंडहँडचा विचार करताना ही गोष्ट माझ्या लेखी आवाजापेक्षाही वरची आहे. ज्याचा पॅड मिळत नाही तो हेडफोन कितीही स्वस्त असला तरी काही वर्षांत शोभेची वस्तू होतो.

मला तो विकणारे काका कोथरूडचे. स्वतः रसिक, बोलायला मोकळे. मी पॅड काढून आत बघू का विचारल्यावर म्हणाले, "बघा की, मीपण कधी उघडून बघितलेला नाही." हे ऐकून बरं वाटलं. उघडायला नको म्हणणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.

डोळ्यांआधी नाक वापरावं. आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल लावायची सवय घराघरात आहे, आणि ते तेल हेडबँडच्या स्पंजात वर्षानुवर्षं मुरतं. खवट वास आला की स्पंज बदलायचा खर्च धरूनच चालायचं. सिगारेटचा वास त्याहून चिवट. तो पॅडच्या मखमलीत आणि ड्रायव्हरसमोरच्या फोममध्ये बसतो आणि धुऊनही पूर्ण जात नाही. मुंबई-कोकणातून आलेल्या जोडीवर बुरशीची पांढरट जाळी दिसू शकते, विशेषतः डब्यात बंद करून ठेवली असेल तर. "वापरलाच नाही, डब्यात पडून होता" ही आपल्या हवेत मुळीच शिफारस ठरत नाही.

मग पॅड. नवा पॅड बोटांनी दाबला की लगेच वर येतो. जुना दबतो आणि तसाच राहतो. माझ्या जोडीचे इतके बसले होते की कानाची पाळी आतल्या फोमला टेकत होती. याचा परिणाम फक्त आरामावर होत नाही. कान आणि ड्रायव्हरमधलं अंतर कमी झालं की आवाजाचा तोल बदलतो, त्यामुळे दबलेल्या पॅडवर ऐकून हेडफोनबद्दल मत बनवणं हे हेडफोनवरही अन्यायाचं आणि आपल्यावरही. नवे मूळ पॅड लावल्यावर माझ्या जोडीत गायकीचा आवाज एक पाऊल मागे सरकला आणि तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू यायला लागली. आधी ती एकच गुणगुण वाटत होती. एका मित्राकडचे स्वस्त पर्यायी पॅडही लावून पाहिले. मऊ आहेत, पण मखमलीऐवजी रेक्झिनचे असल्याने खर्ज फुगला आणि या हेडफोनचा जो मोकळेपणा तोच गेला. यासाठी मूळ पॅडला पैसे मोजावेत असं माझं ठाम मत आहे.

पॅड काढल्यावर ड्रायव्हरवर पातळ काळ्या फोमची चकती दिसते. जुनी झाली की ती चिमटीत धरताच कुसकरते आणि तिचा भुगा आतल्या जाळीवर पडतो. भुगा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, मऊ ब्रशने हलक्या हाताने झटकायचा. बघायचं ते केसांसाठी. माणसाचा बारीक केस किंवा मांजराची लव जाळीतून आत शिरून ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या पडद्याला टेकली की खालच्या सुरांवर फरफर होते, आणि लोक ड्रायव्हर फाटला समजून हेडफोन मातीमोल भावात काढून टाकतात. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की केस चमकतो. सरळ धरला तर दिसत नाही.

आता मल्टिमीटर, म्हणजे विजेची मापं घेणारा मीटर. अगदी स्वस्तातला चालतो. एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन, म्हणजे विजेला त्याचा रोध तितका. जॅकचं टोक आणि सगळ्यात मागचा भाग यांमध्ये मोजलं की डावी बाजू, मधली कडी आणि मागचा भाग यांमध्ये मोजलं की उजवी. दोन्हीकडे आकडा ३०० च्या आसपास यायला हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ सारखा. मग मीटर तसाच लावून ठेवायचा आणि दुसऱ्याला केबल हलवायला सांगायची: आधी जॅकपाशी, मग जिथे दोन वायरी वेगळ्या होतात तिथे, शेवटी दोन्ही कानांच्या कनेक्टरपाशी. माझ्या जोडीत उजव्या कनेक्टरला बोट लागलं की आकडा दचकायचा आणि परत जागेवर यायचा. कानाला तेव्हा काहीच कळत नव्हतं. काका म्हणाले, "मला तर कधी आवाज तुटलेला ऐकू आला नाही," आणि ते खरंच बोलत होते. ऐकताना केबल स्थिर असते, म्हणून दोष लपून राहतो.

दोष केबलचा की ड्रायव्हरचा, हे ठरवायला या मॉडेलमध्ये सुंदर सोय आहे. दोन्ही बाजूंचे कनेक्टर सारखेच असतात. एक पिन जाड, एक बारीक, त्यामुळे उलटे जात नाहीत, पण डावा काढून उजवीकडे लावता येतो. कनेक्टरची अदलाबदल केली की दोष दुसऱ्या बाजूला सरकला तर केबल, जिथल्या तिथे राहिला तर ड्रायव्हर किंवा त्याची खोबणी. माझ्याकडे तो सरकला. केबल नवीन घ्यावी लागणार हे तिथेच ठरलं आणि भावही त्याप्रमाणे खाली आला. पुढे जुलैत, हवेत ओल भरलेली असताना, त्याच बाजूला खरोखर खरखर सुरू झाली. जुन्या केबलच्या पिना काढून पाहिल्या तर कळकलेल्या होत्या. स्पिरिटने पुसल्यावर काही दिवस बरं वाटलं, मग नवी केबल लावली आणि विषय संपला.

ऐकायची तपासणी शेवटी, पण ती नीट करायची. विकणाऱ्याच्या फोनला थेट लावून ३०० ओहमच्या हेडफोनची परीक्षा होत नाही, आवाज मुळात पुरेसा चढत नाही. आपला छोटा अँप (आवाजाला जोर देणारं यंत्र) किंवा फोनला जोडायचा बरा डाँगल खिशात घेऊन जावा. पहिल्यांदा २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा सलग सूर, कमी आवाजात. ३० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात फरफर, टिकटिक, काही कंप पावल्यासारखं ऐकू येतंय का याकडे लक्ष. वर ३-४ हजार हर्ट्झला कान फार संवेदनशील असतात, तिथे आवाज वाढवायचा मोह टाळावा.

दोन्ही बाजूंचा तोल तपासायला मी जुनी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी, ध्वनिमुद्रणं वापरतो. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, तेव्हा स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला अजून वीस वर्षं होती, म्हणजे त्यांचं जे काही आपल्यापर्यंत आलंय ते मूळचं मोनोच. डोळे मिटून ऐकलं की तो आवाज कपाळाच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. डावीकडे झुकला तर लगेच हेडफोनला दोष देऊ नये. तोच हेडफोन उलटा घालायचा, डावा उजव्या कानावर. आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष यंत्रात, आधीच्याच कानाकडे राहिला तर तो आपल्या कानाचा किंवा पॅड नीट न टेकल्याचा. आवाज कुठेच ठरत नसेल, डोक्याभोवती पसरल्यासारखा असेल आणि खर्ज गायब असेल, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्यात. हातदुरुस्ती झालेल्या केबलमध्ये हे होतं आणि ते सहज सुटतं.

हेडबँडच्या पकडीबद्दलही बोलायला हवं. नवा एचडी ६०० डोकं चांगलंच आवळतो. जुना सैल होतो आणि तो सैलपणा विकणारे "आता मस्त सेट झालाय" म्हणून सांगतात. थोडा सैल चांगला, पण पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवलेला हेडफोन खालून पाळीपाशी टेकतच नाही. धातूच्या पट्ट्या हळूहळू वाकवून पकड परत आणता येते. हेडबँडच्या प्लास्टिकला मात्र बारीक चीर नाही ना हे प्रकाशात फिरवून पाहायचं. चीर असेल तर मी भावाची बोलणी न करता उठतो.

ओरखडे, पुसटलेली अक्षरं, जाळीला बारीकसा पोचा, खोका नसणं यांकडे मी दुर्लक्ष करतो. माझ्या उजव्या जाळीला पोचा आहे. जाळी काढून चमच्याच्या पाठीने आतून दाबला, बराचसा निघाला, उरलेला आहे तसा आहे. भाव करताना माझा हिशेब साधा असतो: चालू स्थितीतल्या जोडीचा जो भाव सुरू असेल त्यातून मूळ पॅड, हेडबँडचा स्पंज आणि केबल यांची नव्याची किंमत वजा करायची, मग बोलणी सुरू. विकणाऱ्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की वाद होत नाही. काकांनी तर कागद ठेवूनच घेतला.

पावसाळ्यात तो आता झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट असतो. डबा रोज उघडला जातो आणि पुड्या अधूनमधून उन्हात वाळवल्या जातात. पॅड काढून सौम्य साबणाच्या पाण्यात धुतले तर मखमल ताजी होते, पण बसलेला फोम त्याने उठत नाही, हे लक्षात ठेवावं.

हीच पद्धत घेऊन अलीकडे सेनहायझरचाच एक जुना एचडी ८०० हेडफोन बघायला गेलो होतो. २००९ चं मॉडेल, ५६ मिलिमीटरचा कड्यासारखा ड्रायव्हर, आवाजाची प्रशस्तता अशी की उठवत नाही. चंदेरी रंगाचे टवके उडाले होते. त्या मॉडेलला ते होतंच, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. पण चढत्या सुरात पन्नास हर्ट्झच्या आसपास उजवीकडे फरफर होती. केबलची डावी-उजवी बाजू अदलून पाहिली, फरफर जागेवरच राहिली. आतली कापडी जाळी काढून टॉर्चने पाहिलं, केस नाही, कचरा नाही. विकणारा मुलगा समजूतदार होता. "गाण्यात ऐकू येत नाही ना पण?" म्हणाला. तबल्याच्या डग्ग्यावर ते ऐकू येत होतं, आणि मी त्यालाही ऐकवलं. आधी सर्व्हिस सेंटरला दाखव, उजव्या ड्रायव्हरचा खर्च किती ते लेखी घे, मग तो भावातून वजा करून आपण बोलू, असं ठरलंय. त्याच्या फोनची वाट बघतोय.