हॉटेलच्या किचनचं पाणी: एनआरव्ही, व्हॅक्यूम ब्रेकर, आरपीझेड की साधा एअर गॅप?

नवं हॉटेल किंवा क्लाउड किचन उभं करताना पाण्याच्या खर्चातला मोठा वाटा आरओ खातो. उरलेल्यात सॉफ्टनर, टाक्या आणि एफएसएसएआयच्या परवान्यासाठी पाण्याचा अहवाल. ही सगळी काळजी बाहेरून येणाऱ्या पाण्याची. आत आलेलं चांगलं पाणी आपल्याच पाइपांत खराब होऊ शकतं, ही शक्यता प्लंबरच्या कोटेशनमध्ये एका ओळीत उरकलेली असते: 'एनआरव्ही, १ नग'. म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप.

अहवालावर विसंबून इथे भागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जीवाणू सापडता कामा नये, हे खरं. पण तो नमुना एका दिवसाचा आणि एका नळाचा असतो. सिंकमधलं पाणी पाइपात ओढलं जातं ते एखाद्या दुपारी, टाकीचा व्हॉल्व्ह बंद असताना, मिनिटभरासाठी. त्या मिनिटाचा नमुना कोण घेणार?

पाणी उलटं जातं कसं

दोन वाटा आहेत, आणि काही उपाय एका वाटेवर चालतात, दुसरीवर चालत नाहीत. म्हणून हा फरक आधी.

पहिली वाट ओढीची. वरच्या बाजूचा दाब गेला की पाइप मागे खेचू लागतो. नळाचं तोंड किंवा नळी ज्यात बुडालेली असेल ते आत घेतो. अमेरिकेत वूस्टर शहरात १९६९ साली होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघाला हिपॅटायटिस ए झाला, तो असाच. जवळच्या आगीसाठी बंबांनी पाणी उपसलं, नळवाहिनीतला दाब पडला आणि मैदानावरच्या तुषार सिंचनाच्या तोंडापाशी साचलेलं दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळापर्यंत पोचलं. दुसरी वाट दाबाची. प्रेशर पंप, वाफेवर चालणारं यंत्र, सोडा मशीनचा गॅस सिलिंडर यांचा दाब पुरवठ्याच्या लाइनपेक्षा जास्त झाला की पाणी मागे ढकललं जातं.

परदेशातले नियम चोवीस तास दाब असलेल्या नळवाहिनीसाठी लिहिलेले आहेत. आपल्याकडे पुण्या-ठाण्यात पाणी आधी संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत), मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून उताराने किचनमध्ये. याचा फायदा असा, की संपमधलं बॉल कॉकचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर असेल तर महापालिकेची लाइन आपल्या घाणीपासून आपोआप तुटलेली राहते. (आवाज नको म्हणून बॉल कॉकला पाइप जोडून तो तळापर्यंत सोडतात, तेव्हा हा फायदा गेला. पाणी जाण्याची वेळ झाली की लाइन संपमधलं पाणी परत ओढू शकते.) इमारतीच्या आत मात्र सगळे नळ एकमेकांना जोडलेलेच असतात. टाकी धुण्यासाठी वरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खाली किचनमध्ये कोणी नळ उघडला, तर उभ्या पाइपातलं पाणी उतरताना वरच्या मजल्यावरच्या उघड्या तोंडांतून ओढ घेतं. तिथे असतं स्टाफचं टॉयलेट. जेट स्प्रे बादलीत पडलेला, अँगल कॉक उघडा, खटका गळका. हॉटेलातली सगळ्यात धोक्याची जोडणी कुठली असं विचाराल तर मी किचनच्या आधी हिच्याकडे बोट दाखवेन.

| उपाय | ओढ थांबते? | दाब थांबतो? | बिघाड कळतो? |
|---|---|---|---|
| एनआरव्ही | झडप नीट बसली तर | झडप नीट बसली तर | नाही |
| व्हॅक्यूम ब्रेकर (ओढ लागली की पाइपात हवा घेणारी झडप) | हो | नाही | गळला तरच |
| आरपीझेड (रिड्यूस्ड प्रेशर झोन व्हॉल्व्ह) | हो | हो | हो, पाणी बाहेर सांडतं |
| एअर गॅप (नळ आणि भांडं यांच्यात मोकळी हवा) | हो | हो | समोर दिसतो |

माझ्या लेखी शेवटचा रकाना पहिल्या दोघांइतकाच महत्त्वाचा आहे. किचनमध्ये ज्याचा बिघाड दिसत नाही ते दुरुस्त होत नाही.

एनआरव्ही

स्वस्त, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, आणि त्याच्या जागी उत्तम. पंपाच्या डिलिव्हरीवर तो हवाच, गीझरच्या थंड पाण्याच्या लाइनवर सोबत सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवून तोही हवा. पण त्याचं काम पाण्याची दिशा राखणं. झडपेखाली रेतीचा कण, क्षाराचा थर किंवा टेफ्लॉन टेपचा धागा अडकला की तो थोडा उघडा राहतो आणि बाहेरून काही कळत नाही. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या हॉटेलात क्षाराचा थर बसायला वेळ लागत नाही. म्हणून एका बाजूला पिण्याचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खरकटं, साबण किंवा टॉयलेट असेल, तर मधे एकटा एनआरव्ही मी मान्य करणार नाही.

सगळ्यात वाईट वापर दोन लाइन जोडताना होतो. बोअर किंवा टँकरची वापराची लाइन आणि पिण्याची लाइन यांच्यात 'पाणी गेलं तर असू दे' म्हणून पाइपाचा तुकडा, त्यावर बॉल व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही. पुढे व्हॉल्व्ह कोणी उघडला, कधी उघडला, याचा पत्ता नसतो. एफएसएसएआयच्या परिशिष्ट ४ मध्ये पिण्यायोग्य नसलेल्या पाण्याचे पाइप स्पष्ट वेगळे ओळखता आले पाहिजेत असं म्हटलं आहे. तुकड्याने जोडलेल्या दोन लाइनींना रंग वेगवेगळे दिले तरी पाणी एकच. तो तुकडा कापून दोन्ही टोकांना कॅप लावा. टँकरचं पाणी स्वयंपाकाला घ्यावंच लागत असेल तर ते टाकीत वरून पडू द्या आणि टाकीनंतर शुद्ध करा.

एअर गॅप

नळाचं तोंड आणि भांड्याचा काठ यांच्यात मोकळी हवा. बस, एवढंच. हवेतून पाणी मागे चढत नाही, त्यामुळे ओढ असो की दाब, दोन्हींचा प्रश्न मिटतो. झिजणारा भाग नाही, स्प्रिंग नाही, सर्व्हिसिंग नाही. मापाचा प्रचलित नियम: नळाच्या तोंडाच्या व्यासाची दुप्पट, आणि निदान २५ मिलिमीटर. तोंड भिंतीला लागून असेल तर तिप्पट धरतात. माप सिंकच्या काठापासून घ्यायचं, नेहमीच्या पाण्याच्या पातळीपासून नव्हे. जाळी तुंबली की सिंक काठोकाठ भरतंच. अर्ध्या इंची नळाला काठापासून बोटभर उंची पुरत नाही, तीन बोटं ठेवा.

हा उपाय बिघडत नाही, माणसं तो बिघडवतात. नळाला हिरवी नळी खोचली आणि तिचं टोक पिंपात, बेन-मारीत (पदार्थ गरम ठेवायच्या पाण्याच्या ट्रेत) किंवा फरशी धुण्याच्या बादलीत टाकलं की एअर गॅप संपला. त्यामुळे खरा निर्णय नळ विकत घेतानाच होतो. भाजी धुण्याच्या आणि पीठ मळण्याच्या जागी नळी बसेल असं निपल असलेला नळ घेऊच नका. साधा लांब मानेचा, काठाच्या वर राहणारा नळ घ्या. मोठी पातेली भरायला चुलीजवळ वेगळा, उंचावरचा नळ दिला तर नळी लावायचं कारणच उरत नाही. कामगारांना रोज ओरडण्यापेक्षा हे सोपं पडतं.

सांडपाण्याच्या बाजूलाही हीच गोष्ट. आरओचं वाया जाणारं पाणी, बर्फाच्या मशीनचं ड्रेन, भाजीच्या सिंकचं पाणी थेट ड्रेनेजच्या पाइपात घुसवू नका. ते जाळीच्या किंवा उघड्या फनेलच्या वर, हवेतून पडू द्या. पावसाळ्यात चेंबर तुंबलं की पाणी जमिनीवर येईल, किळस येईल, पण ते बर्फाच्या पेटीत चढणार नाही.

व्हॅक्यूम ब्रेकर

जिथे नळी लागणारच तिथे हा. भांडी घासायच्या जागी स्प्रिंगवर लटकणारा स्प्रे असतो. नवा असताना तो काठाच्या वर राहतो, स्प्रिंग सैल झाली की खरकट्या पाण्यात लोळतो. आधी भिंतीला हूक लावून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. नाहीतर व्हॅक्यूम ब्रेकर. साधा ब्रेकर घेतलात तर तीन अटी: तो सिंकच्या काठापासून निदान १५० मिलिमीटर वर बसवायचा, त्याच्या पुढे बंद करायचा व्हॉल्व्ह ठेवायचा नाही, आणि त्याला बारा तासांहून जास्त सलग दाबाखाली ठेवायचं नाही. स्प्रेचा खटका हाच पुढचा व्हॉल्व्ह असतो, म्हणून तिथे साधा ब्रेकर चालत नाही. सतत दाब सोसणारा प्रकार मागून घ्यावा लागतो. दुकानदार दोन्हींना एकच नाव देतो. होजसाठी नळाच्या तोंडावर फिरवायचा छोटा ब्रेकर मोरीत आणि कचऱ्याच्या जागी ठीक आहे.

पुढे पंप, बॉयलर किंवा गॅस असेल तर व्हॅक्यूम ब्रेकरचा उपयोग नाही. सोडा मशीनला त्याच्यासाठीचा, मधे हवेला उघडणारा दुहेरी चेक व्हॉल्व्ह लागतो, कारण कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं आम्लधर्मी पाणी तांब्याच्या पाइपात मागे गेलं तर तांबं विरघळतं आणि पिणाऱ्याला उलट्या होतात. यंत्र देणाऱ्याकडून तो बसवल्याचं लिहून घ्या.

आरपीझेड

दोन झडपा आणि मधे एक सुटकेची झडप. काही बिघडलं तर मधल्या जागेतलं पाणी बाहेर सांडतं, आत जात नाही. कागदावर उत्तम. मोठ्या हॉटेलात, सतत दाबाच्या लाइनवर, केमिकल डोसिंग किंवा बॉयलरसाठी मी तोच सांगेन. पण गच्चीच्या टाकीवर चालणाऱ्या किचनमध्ये अडचण दाबाची आहे. टाकी किचनपासून दहा मीटर वर असेल तर मिळणारा दाब साधारण एक बार. बरेच आरपीझेड त्यातला अर्ध्याहून जास्त स्वतःच खातात. मग स्प्रेला धार नाही, डिशवॉशर एरर देतो, आणि महिनाभरात कोणीतरी तो बायपास करतो. शिवाय वर्षातून एकदा तपासणी हवी, आणि ती करणारा माणूस आपल्या शहरात मिळतो का हे विकत घेण्याआधी विचारा.

मग ठरवायचं काय

छोटं किचन, गच्चीची टाकी, प्रेशर पंप नाही: एअर गॅपवर भर द्या, स्प्रेला ब्रेकर, आणि टाकीच्या आउटलेट व्हॉल्व्हनंतर लगेच एक एअर पाइप वर काढून त्याचं तोंड टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर उघडं ठेवा. हा जुना, स्वस्त मार्ग. व्हॉल्व्ह बंद असताना पाइपात हवा शिरते आणि खालची ओढ मोडते. त्यासोबत टॉयलेटची लाइन टाकीपासूनच वेगळी काढा. मुंबईत पिण्याची आणि फ्लशिंगची टाकी वेगळी ठेवण्याची पद्धत आहेच, ती जेट स्प्रेलाही लावा.

प्रेशर पंप बसवलात की एअर पाइप बाद, त्यातून पाणीच उडेल. तिथे लाइन वेगळ्या करण्याला पर्याय नाही, आणि डिशवॉशर किंवा कॉम्बी ओव्हन घेताना आतमध्ये एअर गॅप आहे का हे लेखी मागा.

भाड्याची जागा, मालक पाइपाला हात लावू देत नाही आणि वरच्या मजल्यावर दुसऱ्याचं क्लिनिक किंवा पार्लर? किचनच्या छताखाली स्वतःची २०० ते ५०० लिटरची टाकी बसवा. इमारतीचं पाणी तिच्यात ओव्हरफ्लोच्या वरून पडेल, आणि स्वयंपाकाचे सगळे नळ फक्त तिच्यावर. झाकण घट्ट, ओव्हरफ्लोला डासांची जाळी, आणि धुण्यासाठी हात आत जाईल एवढी जागा वर सोडलेली. दाब कमी पडेल, तर पंप या टाकीनंतर लावा, आधी कधीच नको.