कळवा, नेरूळ की कामोठे? नाशिकची पदवी आणि अभिमत विद्यापीठाची पदवी

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या घराघरांत तोच हिशेब सुरू होतो. कळव्याला नंबर लागेल का, नाही लागला तर नेरूळ-कामोठ्याचं डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठाचं कॉलेज, झेपेल का, की लेकराला थेट गडचिरोलीला पाठवायचं? फी बघतात, अंतर बघतात, हॉस्टेल बघतात. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, हे मात्र सहसा प्रवेश झाल्यावर कळतं. खरं तर आधी तेच बघावं. पेपर कोण काढणार, फी कोण ठरवणार आणि बिनसलं तर कुणाचं दार ठोठावायचं, हे सगळं त्यावरच अवलंबून असतं.

आपल्या पट्ट्यातलं चित्र असं. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेचं, १९९२ सालचं, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेलं. नेरूळचं तेरणा खासगी, १९९१ चं. ही दोन्ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही दोन्ही १९८९ ची. पहिल्याला २००२ मध्ये आणि दुसऱ्याच्या संस्थेला २००६ मध्ये अभिमत दर्जा मिळाला, म्हणजे ती आपली पदवी आपणच देतात. यात २०२४ पासून अंबरनाथच्या शासकीय कॉलेजची भर पडली आहे. तेही नाशिकच्याच छत्राखाली.

नाशिकचं विद्यापीठ तसं तरुण आहे. १९९८ पर्यंत राज्यातली मेडिकल कॉलेजं मुंबई, पुणे, नागपूर अशा आपापल्या भागातल्या पारंपरिक विद्यापीठांना जोडलेली होती. कळव्याच्या पहिल्या बॅचेस मुंबई विद्यापीठातच सुरू झाल्या. बी.कॉम.चे लाखो विद्यार्थी सांभाळणाऱ्या यंत्रणेत मूठभर मेडिकलवाल्यांचं वेळापत्रक कोण बघणार? शिवाय एकाच राज्यात ठिकठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेच्या परीक्षा. आंध्रात १९८६ मध्ये, पाठोपाठ तमिळनाडूत आणि १९९६ मध्ये कर्नाटकात वेगळं आरोग्य विद्यापीठ झालं होतं. महाराष्ट्राने १९९८ मध्ये तीच वाट धरली. मुख्यालय मुंबई-पुण्याऐवजी नाशिकला, म्हसरूळला गेलं. ॲलोपॅथी, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी असं सगळं एका विद्यापीठात आलं.

रचना ऐकायला रुक्ष वाटेल, पण निर्णयाला उपयोगाची आहे. राज्यपाल कुलपती, वैद्यकीय शिक्षण मंत्री प्रतिकुलपती, रोजचा कारभार कुलगुरूंकडे. खाली अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, अभ्यासमंडळं आणि परीक्षा मंडळ. अधिसभेत निवडून आलेले शिक्षक असतात. सरकारी कायद्याने उभी राहिलेली संस्था, त्यामुळे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो. अभिमत विद्यापीठात कुलपती नेमते ती विद्यापीठ चालवणारी संस्थाच. युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम आहेत, बाहेरचे सदस्यही असतात, पण कॉलेज, हॉस्पिटल आणि विद्यापीठ तिन्हींच्या चाव्या एकाच घरात राहतात.

याचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो परीक्षेच्या दिवशी. नाशिकची प्रश्नपत्रिका सकाळी पेपरच्या थोडा वेळ आधी केंद्रावर ऑनलाइन येते. एका बंद खोलीत ती डाउनलोड होते, झेरॉक्सच्या प्रिंटरवर गठ्ठे निघतात, मग वर्गात वाटप. कळव्यातल्या मुलीच्या हातात जो पेपर, तोच नंदुरबारच्या मुलाच्या हातात. कॉलेजातल्या सरांशी वाजलेलं असलं तरी थिअरीच्या गुणांवर त्याची सावली फारशी पडत नाही. प्रॅक्टिकलला मात्र घरचे परीक्षक असतातच, सोबत बाहेरचे. अभिमतमध्येही बाहेरचे परीक्षक आणावेच लागतात, तो नियम सगळ्यांना सारखा. पण पेपर, वेळापत्रक आणि निकाल घरचे.

म्हणून घरचं वाईटच, असं नाही. परीक्षा वेळेवर होतात, निकाल लवकर लागतो आणि ऑफिसातला प्रश्न त्याच आवारात सुटू शकतो. नाशिकचं जहाज मोठं, वळायला वेळ लागतो. कोविडच्या काळात परीक्षा सारख्या पुढे गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या वर्षाचा औषधशास्त्राचा पेपर फुटला आणि ज्यांचा त्या फुटीशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनाही तो पुन्हा द्यावा लागला. एकच पेपर राज्यभर असण्याची ही किंमत. तरीही परीक्षा घेणारा आणि फी घेणारा वेगळा असलेला मला बरा वाटतो. हे माझं मत. ज्यांना वेळापत्रकाची शिस्त जास्त महत्त्वाची वाटते, त्यांचं उलटं असेल.

अभ्यासक्रमावर डोकं खपवू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आखलेला साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, हे सगळीकडे तेच. पदवी कुठलीही असो, नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेच होते आणि रुग्ण पाटीवरचं विद्यापीठ वाचत बसत नाही.

आता पैसा. कळव्यात वर्षाची फी लाखाच्या घरात, डीम्डमध्ये वीस लाखांच्या पुढे, हॉस्टेल वेगळं. साडेचार वर्षांचा गुणाकार करून बघा, कोटीच्या आसपास जातो. तेरणासारखं खासगी संलग्न कॉलेज मधल्या पायरीवर. तिथली फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं.

पण छापील फीपेक्षा सवलतींकडे जास्त लक्ष द्या. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, खासगी संलग्न कॉलेज मिळालं, तर राज्याच्या फी-प्रतिपूर्ती योजना लागू होतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत, व्यवस्थापन कोट्याची सीटही. नेरूळच्याच दोन कॉलेजांत एका मुलीला शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीला वीस लाख, असं होऊ शकतं. डीम्डमध्ये जातनिहाय आरक्षणही नाही.

सरकारी-महापालिकेच्या सीटला बाँड येतो: एक वर्ष सेवा, नाहीतर एमबीबीएसला दहा लाख. त्याचा बागुलबुवा करू नये. डीम्डच्या अर्ध्या वर्षाच्या फीएवढी ती रक्कम आहे, आणि सेवा केली तर पगारही मिळतो.

रुग्णांच्या बाबतीत कळवा मला सरळ उजवं वाटतं. कळवा, मुंब्रा, दिवा, भिवंडीपासून पार शहापूर-मुरबाडपर्यंतची माणसं केसपेपर काढायला तिथे येतात. गर्दी, खाटांची ओढाताण, थकलेले रेसिडेंट हे सगळं आलंच, पण इंटर्नचा हात तिथे लवकर बसतो. नेरूळ-कामोठ्याच्या हॉस्पिटलांत यंत्रसामग्री चकचकीत, लायब्ररी थंडगार. तिथे जाणार असाल तर एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी ओपीडीत तासभर बसा आणि मेडिसिनच्या वॉर्डात किती खाटा भरल्या आहेत ते डोळ्यांनी बघा. माहितीपुस्तिकेतले फोटो त्यासाठी कामाचे नाहीत. (जाता जाता: ट्रान्स हार्बरची गाडी कळव्याला थांबत नाही. ऐरोली-कोपरखैरणेकरांना ठाण्याला उतरून मागे यावं लागतं.)

कळवा मिळत असेल तर विचार करायचं कारण नाही, घ्या. कळवा हुकलं आणि अंबरनाथ किंवा अलिबाग आलं, तरी मी डीम्डच्या आधी तेच घेईन. नव्या शासकीय कॉलेजांत प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा ही नेहमीची तक्रार आहे, पण पदवी तीच आणि घर गहाण पडत नाही. गडचिरोली विरुद्ध घराजवळचं नेरूळ हा सवाल खरा अवघड. पैसा हाताशी असेल आणि मूल एकटं राहणारं नसेल, तर डीम्ड घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. कर्ज काढून मात्र नको. पुढे एमडीची तीन वर्षं उभीच आहेत.

अर्ज दोन ठिकाणी करावे लागतात. ८५ टक्के राज्य कोट्यासाठी राज्याच्या सीईटी सेलकडे, त्याला अधिवासाबरोबर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि डीम्डच्या सगळ्या सीट दिल्लीच्या एमसीसीकडे (केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे). डीम्डचा पर्याय टाकला की तिथे दोन लाखांची परतीची अनामत भरावी लागते, तेवढी जुळवून ठेवा. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली सीट सोडली तर अनामत अडकू शकते, म्हणून खरंच जायचं नसेल ते कॉलेज पसंतीक्रमात टाकूच नका.