कास्ट पार्शल कवळी: वरच्या जबड्यातील गेलेल्या दाढांसाठी घ्यावी का?

काही दात शाबूत असताना उरलेल्या जागा भरण्यासाठी जी काढता-घालता येणारी अर्धी कवळी बसवली जाते, तिचे तिन्ही प्रचलित प्रकार मी वापरले आहेत: आधी अ‍ॅक्रिलिकची, मग लवचीक नायलॉनची, आणि सध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांगाड्याची, जिला दवाखान्यात ‘कास्ट पार्शल’ म्हणतात. हा अभिप्राय मुख्यतः या तिसरीविषयी आहे. ज्यांच्या मागच्या दाढा गेल्या आहेत, पुढचे दात आणि हिरड्या बऱ्या स्थितीत आहेत आणि ज्यांना इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) करायचे नाही किंवा करता येत नाही, त्यांनी थोडे थांबावे लागले तरी हीच कवळी करून घ्यावी, असे माझे मत झाले आहे.

माझ्या वरच्या जबड्यात उजवीकडच्या सगळ्या दाढा गेल्या आहेत आणि डावीकडे मधलीच एक नाही. दंतवैद्यकात अशा रिकाम्या जागांचे वर्ग पाडलेले असतात. एडवर्ड केनेडी या अमेरिकी दंतवैद्याने १९२५ साली मांडलेली चार वर्गांची पद्धत आजही चालते आणि तिच्यानुसार माझे तोंड दुसऱ्या वर्गात, म्हणजे एकाच बाजूचे मागचे टोक मोकळे असलेल्यांत, बसते. डावीकडच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दात असल्यामुळे तिथे ब्रिज (शेजारच्या दातांवर कायमचा चिकटवलेला दात) बसवता आला असता, पण त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करावे लागले असते. उजवीकडे मात्र मागे दातच नाही, त्यामुळे तिथे नेहमीच्या ब्रिजचा प्रश्नच उद्भवत नाही. जागा तशीच सोडावी, तर शेजारचा दात तिकडे कलतो आणि समोरच्या जबड्यातला दात आधार न राहिल्याने हळूहळू खाली किंवा वर सरकतो, त्यामुळे पुढे काही बसवणेही अवघड होते.

अ‍ॅक्रिलिकची कवळी सर्वांत स्वस्त असते आणि लवकर तयार होते. दात काढल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, हाड झिजून हिरडीचा आकार बदलत असताना, तीच योग्य. कारण तेव्हा महागडी कवळी केली तरी ती लवकरच सैल पडणार. पण तिचा सगळा भार हिरडीवर आणि टाळूवर येतो. तारेच्या हुकांनी ती फक्त जागेवर राहते, चावण्याचा जोर काही त्या तारा दाताकडे नेत नाहीत. शिवाय मोडू नये म्हणून टाळूवरची पट्टी जाड ठेवावी लागते आणि जिभेला तिची सवय होणे कठीण जाते. एका-दोन दातांची छोटी अ‍ॅक्रिलिक कवळी वापरणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच नोंदवतो: ती झोपेत किंवा जेवताना गिळली जाण्याचा धोका असतो आणि साधे अ‍ॅक्रिलिक क्ष-किरणांत नीट दिसत नाही. तेव्हा हूक सैल झाला असेल तर ‘चालतंय की’ म्हणून ती घालत राहू नये.

लवचीक कवळी दिसायला सर्वांत देखणी. तिचे हूक हिरडीच्याच रंगाचे असल्यामुळे हसताना तार चमकत नाही. ती हलकी असते आणि सहसा मोडत नाही. जाहिरातीत तिचा मऊपणा हाच मोठा गुण म्हणून सांगितला जातो, आणि नेमके तिथेच माझे मत वेगळे आहे. दाढेच्या जागी मऊ पाया काय कामाचा? घास चावला की तो वाकतो, भार हिरडीवरच पडतो आणि आतून भर घालून ती पुन्हा घट्ट करणे किंवा तिला नवा दात जोडणे बहुतेक लॅबना जमत नाही. पुढचा एखादा दात गेलेल्यांनी ती जरूर करावी. मागच्या दाढांसाठी मी ती सुचवणार नाही.

कास्ट पार्शलचे वेगळेपण धातूपेक्षा तिच्या टेकण्यात आहे. आधाराच्या दातांच्या माथ्यावर डॉक्टर छोट्या खाचा करतात, त्या सहसा एनॅमलपुरत्याच (दातावरच्या कठीण आवरणापुरत्या) असतात, आणि सांगाड्याचे ‘रेस्ट’ म्हणजे बारीक टेकू त्यांत बरोबर बसतात. त्यामुळे चावण्याचा बराचसा भार दातांच्या मुळांवाटे हाडाकडे जातो आणि कवळी हिरडीत रुतत नाही. अर्थात उजवीकडच्या मोकळ्या टोकाला हिरडीवर विसंबावेच लागते, आणि हिरडी दातापेक्षा कितीतरी अधिक दबते. म्हणूनच या बाजूचे माप काळजीपूर्वक घेणारा डॉक्टर निवडणे धातूच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. माझ्या बाबतीत आधी अभ्यासाचे माप, मग खाचा करून पक्के माप, त्यानंतर नुसत्या सांगाड्याची ट्रायल, मग मेणात लावलेल्या दातांची ट्रायल आणि शेवटी कवळी, असा क्रम होता. सांगाड्याची ट्रायल वगळून थेट कवळी हातात देणारा दवाखाना स्वस्त पडला तरी तो टाळावा, असे मी म्हणेन.

वापराचा अनुभव चांगला आहे. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, मटण हे सारे दोन्ही बाजूंनी चावता येते. सुरुवातीला मऊ पदार्थ, छोटे घास आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावणे हा सल्ला पाळावा लागतो. चिक्की, ऊस आणि सुपारी मी सोडली आहे, आणि पेरूच्या बिया व तीळ पट्टीखाली शिरतात तेव्हा उठून कवळी धुऊन येण्यावाचून गत्यंतर नसते. उच्चारांतला फरक विशेष जाणवला. मराठीत ट, ड, ळ म्हणताना जीभ टाळूला लागते आणि जाड पट्टीवर ‘फळा’, ‘वेळ’ असे शब्द बोबडे ऐकू येत. धातूची पट्टी पातळ असल्याने हा त्रास लवकर गेला. धातूतून उष्णता टाळूपर्यंत पोचते, त्यामुळे चहाची ऊब पुन्हा कळू लागली, हा मात्र अनपेक्षित लाभ.

दोष आहेतच. पुढच्या बाजूच्या उपदाढेवरचा हूक मोठ्याने हसल्यावर दिसतो. खर्च अ‍ॅक्रिलिकच्या कितीतरी पट येतो. धातूचा सांगाडा तुटला तर दुरुस्ती कोपऱ्यावरच्या लॅबचे काम नव्हे. सर्वांत गंभीर बाब म्हणजे हुकांखाली अन्नकण अडकून आधाराचा दातच किडू शकतो, आणि तो गेला की कवळीची सारी रचना कोलमडते. म्हणून कवळीइतकेच त्या दातांचे घासणे महत्त्वाचे.

स्वच्छतेसाठी मऊ ब्रश आणि साधा सौम्य साबण पुरतो. टूथपेस्टने अ‍ॅक्रिलिकवर चरे पडतात, उकळत्या पाण्याने ते वाकते आणि ब्लीचने धातू खराब होतो. क्लिन्सोडेंटसारख्या गोळ्या वापरायच्या असल्यास त्या धातूच्या कवळीला चालतात का, ते वेष्टनावर पाहून घ्यावे. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी आपटत नाही. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. चोवीस तास घालून ठेवल्यास टाळूवर बुरशीचा संसर्ग होऊन लाली येते. हाड झिजतच राहते, त्यामुळे मोकळ्या टोकाच्या बाजूला ठरावीक काळाने आतून भर घालून घ्यावी लागते, आणि हा खर्च मूळ दरात धरलेला नसतो.

पैसे भरण्याआधी डॉक्टरांना मिश्रधातूत निकेल आहे का, हे विचारावे, कारण काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. नकली दागिन्यांनी ज्यांच्या कातडीला खाज सुटते त्यांनी तर नक्कीच. दातांचा रंग नैसर्गिक उजेडात, खिडकीपाशी उभे राहून ठरवावा. आणि आधाराला जे दात धरायचे आहेत त्यांचे एक्स-रे काढल्याशिवाय माप देऊ नये, कारण तेच दात हलत असतील तर ही कवळी त्यांच्यावर लादणे योग्य नाही, आणि अशा वेळी अ‍ॅक्रिलिकची कवळीच परवडते, कारण तिच्यात पुढे गेलेला दात सहज जोडता येतो.